एकोणीस दिवसांची फाईल

फाईल टेबलावर आली आणि सगळे पुढे वाकले.

गडद हिरवं कापड, गोल कणा, कोपऱ्यांना चामडं. वर सोनेरी अक्षरांत अक्काचं पूर्ण नाव आणि त्याखाली जरा बारीक ठशात 'अपंगत्व भत्ता : पूरक पुरावे'. आत डॉक्टरांची चिठ्ठी, रक्ताचे अहवाल, हातांचे एक्स-रे, नातेवाइकांची निवेदनं, सगळं तारखेनुसार लावून, शिवून, चिकटवून पक्कं. वाचताना पान सापडावं म्हणून लाल फीतसुद्धा.

"कशी झालीय?" अक्काने विचारलं. दोन्ही हात तिने मांडीवर एकमेकांत दडवले होते, पण चेहरा पहिल्या नंबराने पास झालेल्या मुलीचा होता.

ठेंगूने फाईल उघडली, कण्यावरून अंगठा फिरवला आणि ती मटकन खुर्चीत बसली. ठेंगू म्हणजे अक्काची एकुलती एक मुलगी. सहावीपर्यंत वर्गात सगळ्यांत बुटकी होती म्हणून ठेंगू. आता दारातून वाकून आत येते, तरी ठेंगूच.

"आई, ही कोणी बांधली?"

"कोणी म्हणजे? चाळीस वर्षं बाइंडिंगखान्यात मी काय झोपा काढल्या?"

"तू बांधलीस. तुझ्या हातांनी."

"मग काय पायांनी?"

"आई, पान तीनवर आपणच अर्जात लिहिलंय, 'दोन्ही हातांची पकड अत्यंत कमकुवत'. आणि ते पान तीन तू असं शिवलंयस की माझ्याच्याने सात जन्मांत व्हायचं नाही. मंगळवारी तो अधिकारी ही फाईल हातात घेईल आणि पहिला प्रश्न काय विचारेल?"

अक्काचा चेहरा हळूहळू उतरला. "सुटे कागद द्यायचे का मग?" ती पुटपुटली. "वाणसामानाच्या याद्या दिल्यासारखे?"

खिडकीपाशी बसलेला मिस्त्री खाकरला. अक्काचा हा धाकटा भाऊ. वडिलांचं सुतारकाम त्यानेच पुढे चालवलं, म्हणून घरातही तो मिस्त्री. आणि खुर्चीत ताठ बसून चष्म्याच्या काचा पुसत होती ती ताई, तिघांतली थोरली, निवृत्त मुख्याध्यापिका. आजच्या बैठकीचं बोलावणं तिचंच होतं.

कारणही तसंच होतं. कागद उद्या दुपारी बाराच्या आत कचेरीत पोचायला हवे होते आणि मंगळवारी सकाळी दहाला मूल्यमापन करणारा अधिकारी घरी येणार होता. गेल्या वर्षी अर्ज एका ओळीत परत आला होता : 'अर्जदार दैनंदिन व्यवहार स्वतंत्रपणे करू शकतात.' यंदाही तेच उत्तर आलं तर पुढची दोन वर्षं अर्ज करायची सोय नव्हती. भत्ता मिळाला तर रोज सकाळी दोन तास मदतीला बाई येणार आणि अक्का आपल्याच घरात राहणार. नाही मिळाला तर महिनाअखेर हे घर बंद करून अक्काने ताईकडे जायचं. असं ठरलं होतं. म्हणजे ताईने ठरवलं होतं आणि अक्का 'बघू' म्हणाली होती. या घरात 'बघू' शब्दावर फार काळ निघतो. वडिलांनी दुकान बंद करायचं 'बघू, बघू' म्हणत नऊ वर्षं लांबवलं होतं.

ठेंगू वेधशाळेत नोकरीला. रोज ठरल्या वेळी तापमान बघायचं, पावसाचं माप बघायचं, लिहायचं. जे लिहिलं नाही ते घडलंच नाही, असा तिचा हिशोब. तिने कपाळाला हात लावला आणि ती एकेक पान मोठ्याने वाचू लागली.

"डॉक्टर. 'रुग्णाची प्रकृती स्थिर. विशेष तक्रार नाही.' विशेष तक्रार नाही, आई?"

"ते विचारतात, कशा आहात. मग ठीक आहे म्हणू नये?"

"अकरा वर्षं संधिवात असून?"

"बिचारे घाईत असतात गं. बाहेर इतकी माणसं बसलेली असतात."

"मामा. 'बहिणीला हाताचा त्रास आहे. मी अधूनमधून जातो. सुतारकाम करतो.' बस? आणि खाली एवढी मोठी सही?"

"लिहिण्यात माझा हात नाही चालत," मिस्त्री जमिनीकडे बघत म्हणाला.

"आणि हे मावशीचं. 'माझी धाकटी बहीण लहानपणापासून अत्यंत जिद्दी, स्वावलंबी व कष्टाळू आहे. तिने कधीही कोणापुढे हात पसरला नाही. आजारपणातही तिच्या टापटिपीत कसूर झालेली नाही. तिच्या भावी वाटचालीस माझ्या शुभेच्छा.'" ठेंगूने मान वर केली. "मावशी, भावी वाटचाल?"

"सवय गं," ताई म्हणाली. "तेहेतीस वर्षं दाखले लिहिले. पेन हातात घेतलं की तेच येतं."

"पण हा दाखला वाचून तिला भत्ता कोण देईल? नोकरी देतील!"

मिस्त्रीला हसू आलं. अक्काही हसली. ताई हसली, पण तिच्या हसण्यात जीव नव्हता. ते पत्र तिने एका बैठकीत लिहिलं नव्हतं, हे फक्त तिलाच ठाऊक होतं. पहिल्या खर्ड्यात तिने लिहिलं होतं की बहिणीला कोटाची बटणं लावता येत नाहीत. मग ते खोडलं. का खोडलं? बहिणीची अब्रू म्हणून, असं तिने तेव्हा स्वतःला सांगितलं होतं. पण तिच्या घरी वरच्या मजल्यावरची खोली रंगवून तयार होती. खिडकीला नवे पडदेही लावून झाले होते. नवरा गेल्यापासून त्या घरात दिवसभर फक्त रेडिओ बोलायचा. अर्ज पुन्हा नापास झाला तर त्या खोलीत कोण येणार, हे काय तिला कळत नव्हतं? ताईने चष्मा पुन्हा पुसला, तो स्वच्छ असूनही.

तेवढ्यात ठेंगूच्या पेनाचं टोपण घरंगळत टेबलाखाली गेलं.

ती वाकली, मग गुडघ्यांवर बसली, मग तिचं डोकंही टेबलाखाली गेलं आणि बराच वेळ वर आलं नाही.

"सापडलं का?" अक्काने विचारलं.

"आई," आतून आवाज आला, "इथे काहीतरी लिहिलंय. पेन्सिलीने. फळीच्या खालच्या बाजूला." मोबाइलचा उजेड पडला. "सात वर्षांपूर्वीची तारीख आहे. 'टेबल चार बोटं उंच केलं. उठताना कोपरं टेकता यावीत म्हणून. मनगटं भार घेत नाहीत.'"

मिस्त्री ताडकन उभा राहिला. "ते राहू दे. ते कामाचं आहे."

"मामा, हे तुझं अक्षर आहे!"

"अगं ती आपली पद्धत आहे. अण्णांची शिस्त." अण्णा म्हणजे वडील. "काम झालं की मागच्या अंगाला तारीख घालायची, काय केलं ते लिहायचं, का केलं ते लिहायचं. म्हणजे उद्या दुसरा कोणी मिस्त्री आला तर त्याला कळतं. नुसतं काय केलं एवढंच लिहिलं, तर तो शहाणा येऊन सगळं पहिल्यासारखं करून ठेवतो."

"म्हणजे तू केलेल्या प्रत्येक कामावर असं आहे?"

मिस्त्रीने मान डोलावली आणि ठेंगूच्या डोळ्यांत चमक आली. वेधशाळेत एखाद्या जुन्या कपाटात कोणाच्या तरी चाळीस वर्षांच्या पावसाच्या नोंदी सापडाव्यात, तशी ती हरखली होती. "मामा, या घरात तू किती कामं केलीस?"

"मोजली नाहीत कधी."

मग जे सुरू झालं त्याला घरझडतीच म्हणायला हवं. ठेंगूने ड्रॉवर उपसून उलटे केले. स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरच्या बुडाला : 'मुठी काढल्या. दोऱ्याच्या कड्या लावल्या. मनगट अडकवून ओढता येतं.' न्हाणीघराच्या दाराच्या वरच्या कडेला : 'गोल मूठ काढून लांब दांडा. कोपराने उघडतं.' नळाखालच्या फळीला, खुर्चीच्या पायांना, कपाटाच्या पाठीला. एकेक नोंद मोबाइलमध्ये टिपत ठेंगू ओरडून वाचत होती. ताई वही घेऊन तिच्यामागे फिरत होती आणि शुद्धलेखनाच्या चुका सुधारायचा मोह मोठ्या कष्टाने आवरत होती.

"पलंगाखाली मी मावत नाही," ठेंगू म्हणाली.

"सर बाजूला," ताई म्हणाली. आणि जिच्या नुसत्या चाहुलीने अख्खी शाळा चिडीचूप व्हायची, त्या मुख्याध्यापिकाबाई जमिनीवर उताण्या झाल्या आणि बॅटरी दातांत धरून पलंगाखाली सरकल्या. बाहेर फक्त दोन पाय उरले.

"काय आहे, मावशी?"

"थांब, जाळी आहेत. 'पलंग सहा बोटं उंच. रात्री कूस बदलताना धरायला बाजूला दांडा.'" आवाज थांबला. "आणि खाली अजून आहे. 'अक्का म्हणाली, पलंग डुगडुगतो. पलंग डुगडुगत नव्हता.'"

मिस्त्री दारात उभा राहून कानामागची पेन्सिल चाचपत होता. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं. अक्काचा फोन यायचा, कपाट कुरकुरतंय, येऊन बघ. तो यायचा, बिजागरीत तेल घालायचा आणि तेवढ्यात त्याला दिसायचं की कपाटाची मूठ तिच्या बोटांत राहत नाही. तो विचारायचा नाही. पुढच्या खेपेला मूठ बदलून टाकायचा आणि म्हणायचा, जुनी सैल झाली होती. ती म्हणायची, हो ना, केव्हाची. कधी झाकण गंजलेलं असायचं, कधी सुई बोथट असायची, कधी कात्रीला धार नसायची. दोष नेहमी वस्तूचा. घरी जाताना मात्र तो वाटभर त्या हातांचाच विचार करायचा. बायकोशी तो बोलायचा नाही, ताईशी तर नाहीच. जे होतं ते सगळं फळीच्या मागच्या अंगाला लिहून मोकळा व्हायचा. ते कोणी मोठ्याने वाचून दाखवेल असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

अक्का बाहेरच्या खोलीत खुर्चीतच होती. जमिनीवर बसून शोधायला तिचे गुडघे तयार नव्हते. एकेक नोंद तिच्या कानांवर येत होती. सुरुवातीला तिला गंमत वाटली. मेल्याने घरभर लिहून ठेवलंय आणि मला पत्ताही नाही. मग गंमत वाटेनाशी झाली. आणि मग आरशापाशी जाऊन ठेंगूने वाचलं :

"'आरशाखाली रुंद फळी. कोपर टेकून केस विंचरता यावेत म्हणून.' आणि त्याखाली दीड वर्षानंतरची तारीख. 'फळीचा उपयोग नाही. अक्काने केस कापले.'"

ठेंगूने मोबाइल खाली केला.

केस कापले तेव्हा अक्काने सगळ्यांना सांगितलं होतं, उकडतं फार. ठेंगूने तर फोनवर म्हटलं होतं, छान दिसतेयस, दहा वर्षांनी लहान झालीस.

"पुरे," अक्का म्हणाली. आवाज चढला नव्हता, तरी तिघं बाहेर आली. "मिस्त्री, तू माझ्या घरभर माझी गाऱ्हाणी लिहून ठेवलीस?"

"गाऱ्हाणी नाहीत, अक्का. कामाची नोंद आहे."

"माझे केस हे तुझं काम?"

मिस्त्री पुन्हा कानामागची पेन्सिल चाचपू लागला.

"आई, मामाने..."

"तू मध्ये बोलू नकोस. यातला एक शब्दही कचेरीत जाणार नाही. मी काही लोकांनी येऊन बघावं असं प्रदर्शन नाही."

"बरोबर आहे तिचं," ताई चटकन म्हणाली. "तिला न विचारता हे असं..."

"मावशी, आत्ता तूच पलंगाखाली होतीस!"

"होते. पण तिची मर्जी नसेल तर प्रश्नच मिटला. नाही मिळाला भत्ता तर नाही मिळाला. माझं घर काय..." आणि इथे ताई एकदम थांबली. तिचं वाक्य तिलाच ऐकू आलं होतं. केसांवर कोळ्याच्या जाळ्याचा धागा लोंबत होता, तो तिने काढला आणि ती अक्कासमोरच्या स्टुलावर बसली.

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली. "त्या पत्रात मी बटणांचं लिहिलं होतं. मग खोडलं."

"का?"

"तुझी लाज राखायला, असं वाटलं तेव्हा. पण वरची खोली मी आधीच रंगवून घेतली होती. पडदेसुद्धा लावले. खरं कारण कोणतं ते माझं मलाच कळत नाही." ताईचा आवाज शाळेतला राहिला नव्हता. "मला तू यायला हवी होतीस. अजून हवी आहेस."

अक्का तिच्याकडे बघत राहिली. या बहिणीने तिला साठ वर्षांत अनेक गोष्टी समजावून सांगितल्या होत्या. 'मला कळत नाही' हे ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"कोणता रंग?" अक्काने विचारलं.

"फिकट पिवळा."

"मला आवडत नाही पिवळा."

"माहीत आहे. विसरले होते."

दोघी हसल्या आणि दोघींचेही डोळे भरून आले. मिस्त्री हातात फाईल घेऊन उलटीसुलटी करून बघत होता.

"अक्का," तो हळूच म्हणाला, "ही शिवलीस कशी? खरं सांग."

"कशी म्हणजे? पानं दाबून धरायला तू दिलेला दाब-साचा आहे. सुईला तू जाड लाकडी दांडा बसवून दिलास, ती मुठीत धरते. दोरा दातांनी ओढते."

"किती दिवस लागले?"

"तीनेक."

"अक्का."

तिने हात मांडीवरून काढले. इतका वेळ दडवलेली बोटं टेबलावर आली. दोन्ही अंगठ्यांपाशी चिकटपट्ट्या होत्या आणि सांधे लाल होऊन टरारले होते.

"एकोणीस," ती म्हणाली. "दुपारी एक तास जमायचं, फार तर. मग दुसऱ्या दिवशी कप उचलवत नाही. दोन दिवस तर मी काहीच खाल्लं नाही म्हण ना. डबाच उघडेना." तिने नजर वळवली. "बाइंडिंगखान्यात असताना मी दिवसाला आठ करायचे. अशा आठ. ही शेवटची, म्हटलं, नीट करू."

ठेंगू उठून आईच्या खुर्चीपाशी खाली बसली. तिला रडू येत होतं आणि त्याच वेळी डोक्यात गणितही चालू होतं, कारण ती तशीच होती. दिवसाला आठ. आता एकोणीस दिवसांत एक. आणि घरभर अकरा वर्षांच्या तारखा.

"आई, मला कुठल्याही यंत्राने याहून चांगलं मोजमाप मिळालं नसतं," ती म्हणाली. "मी तुला सांगत नाही पाठव म्हणून. पण तुला इथेच राहायचंय ना?"

अक्काने खोलीभर नजर फिरवली. चार बोटं उंच टेबल. दोऱ्याच्या कड्या. कोपराने उघडणारं दार. हे घर तिच्या मापाचं झालं होतं आणि ते कधी झालं हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. दुसऱ्या कुठल्याही घरात ती खरोखरच अपंग झाली असती.

"इथेच राहायचंय," ती म्हणाली. मग ताईला, "पण रविवारी येईन तुझ्याकडे. मुक्कामाला. तो रंग बदल आधी."

"उद्याच रंगारी बोलावते," ताई म्हणाली आणि नाक पुसून तिने वहीचं नवं पान काढलं. "मी माझं निवेदन पुन्हा लिहिते. बटणांपासून."

"कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान रविवारी चारला बंद होतं," ठेंगूने घड्याळ बघितलं. "तीन वाजलेत. फोटो छापून आणते. पण आई, फाईल तर बांधून टाकलीयस. नवे कागद घालायचे कुठे?"

सगळ्यांनी हिरव्या फाईलकडे पाहिलं. बांधणी इतकी पक्की होती की आत कागदाचा कपटाही शिरला नसता. उघडायची तर कण्यातली शिलाई कापायला हवी होती.

"मीच कापते," अक्का म्हणाली. "दुसऱ्या कोणी कापली तर कापड फाटेल."

ठेंगूने तिच्या खणातून बाइंडिंगची सुरी आणून दिली. अक्काने ती दोन्ही तळव्यांत धरली, टोक कण्यावर टेकवलं आणि दाबलं. सुरी फिरली. तिने पुन्हा धरली. पुन्हा फिरली आणि टेबलावर पडून टणकन वाजली.

मिस्त्रीचा हात सवयीने खिशातल्या धार लावायच्या दगडाकडे गेला. ताईने नजर खाली वळवली. पुढचं वाक्य कोणतं येणार हे तिघांनाही पाठ होतं.

"धार आहे तिला," अक्का म्हणाली. "मला जमत नाही. ठेंगू, तू काप. मी सांगते तशी."

ठेंगूने सुरी उचलली. अक्का सांगत गेली, कुठून धरायचं, कोणता टाका आधी, कुठे जोर द्यायचा नाही. एकेक टाका सुटत गेला आणि पुठ्ठा अलगद वेगळा झाला. कापडाला कुठे ओरखडाही आला नव्हता.

"मिस्त्री," अक्का म्हणाली, "पेन्सिल आहे ना? तारीख घाल. काय केलं ते लिही."

मिस्त्रीने कानामागची पेन्सिल काढली, पुठ्ठा उलटा करून आतल्या बाजूला तारीख घातली आणि लिहिलं : 'फाईल उघडली.' मग तो थांबला.

"आणि का, ते?" त्याने विचारलं.

"तिथे आत नको. पहिल्या पानावर लिही, त्या अधिकाऱ्याला आधी तेच दिसू दे," अक्का म्हणाली. "आणि का ते मी सांगते."

मिस्त्रीने एक कोरा कागद पुढे ओढला. अक्का सांगू लागली, केसांपासून.